मुनीरच्या दारात मुकी होणारी गाडी

१

"मिस्तरी, माझ्या गाडीचे बोल्ट तुम्ही खोलले का?"

डॉक्टर देवानंदनं हे दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून विचारलं, भर सकाळी. पेशंट बाकड्यावर बसलेले, पानटपरीवाल्याचा हात चुन्याच्या डबीत थांबलेला, आन मी रस्त्याच्या ह्या अंगाला माझ्या शेडमधी ट्रॅक्टरचा क्लच खोलून बसलेलो. विचारलं म्हंजे काय, त्यानं मनात ठरवूनच टाकलं व्हतं. आवाजावरून कळतं माणसाला.

मी म्हणलो, साहेब, तुमच्या गाडीला माझा हात तुम्ही कधी लागू दिला, की मी तिचे बोल्ट खोलावेत? जरा वाकडंच बोललो. माझं तोंड तसंच आहे, मंठ्यात कुणालाबी विचारा.

तर मी कडूबा मिस्तरी. ही गोष्ट शहाण्णव सालची. ह्या डॉक्टरचा बाप रखमाजी, त्याची जीप मी उभ्या हयातीत दुसऱ्या कुणाला उघडू दिली न्हाई. माझी शेड बी त्यांच्याच जागेत, म्हाताऱ्यानं तोंडी दिलेल्या. म्हातारा गेला, पोरगा शिकून डॉक्टर होऊन आला, त्यानं जीप विकली आन त्या काळी सगळे डॉक्टर घ्यायचे तसली छोटी पांढरी गाडी आणली. मला वाटलं, आता ही बी आपल्याकडंच येणार. तर गाडी पहिल्याच सर्व्हिसला गेली मुनीरकडं.

मुनीर म्हंजे नवीन जालन्यात काम शिकून आलेला गडी. गावाबाहेर त्यानं गॅरेज टाकलं. खाली शिरायला काँक्रीटचा खड्डा, दारावर रंगीत बोर्ड, गिऱ्हाइकाला बसायला खुर्च्या. खुर्च्या, अहो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक टायरवर बसतं. डॉक्टरला मी विचारलं तर तो म्हणला, "तुमचा हात जीपचा, मिस्तरी. ही नाजूक गाडी आहे."

त्या दिवसापासून मी जळत व्हतो, खोटं कशाला बोलू. गाडी शेडपुढून जायची तर हातातलं काम सोडून मी बघत बसायचो, पार वळणाआड होईपर्यंत. उषाबाई, माझी बायको, म्हणायची, तिच्याकडं बघता त्याच्या पावपट माझ्याकडं बघितलं असतं तर मी लठ्ठ झाले असते.

आता डॉक्टरनं सगळी हकीकत सांगितली, मला न्हाई, बाकड्यावरच्या लोकांना. गाडी ब्रेकरवरून गेली की पुढच्या चाकांपाशी ठक् ठक् वाजते. मुनीर पार्ट बदलतो, गाडी त्याच्या दारातून निघते तेव्हा एकदम मुकी. घरी आली, थोडे दिवस गेले, की पुन्हा ठक् ठक्. आन आज मुनीरनं खालून बघितलं तर पुढचे बोल्ट कुणीतरी खोलून पुन्हा बसवल्याचं दिसलं. मुनीरनं ते इतक्यात खोललेच नव्हते म्हणे. गाडी दवाखान्यासमोर उभी असते, माझ्या शेडच्या तोंडासमोर. पाने कुणाकडं आहेत, आन पोट कुणाचं दुखतं, हे त्यानं लोकांवरच सोडलं.

"होळीच्या आत शेड काढून घ्या," म्हणला, आन आत गेला.

२

दुसरा कुणी असता तर त्याच्या मागं जाऊन पाया पडला असता. मला राग आला की माझे पाय चालायला लागतात. मी सरळ मुनीरच्या गॅरेजला निघालो.

मनातलं सांगतो, मला मुनीरच चोर पाहिजे व्हता. रस्ताभर मी त्याचाच गुन्हा रचत गेलो. हाच बोल्ट ढिले सोडत असणार, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दारात यावं म्हणून. मंग गळ्याशी आलं तर माझ्यावर ढकललं. एवढं साबित झालं की माझी शेड बी राहणार आन त्याचा बोर्ड बी उतरणार. एका दगडात दोन कामं, मी चालता चालता खुशच झालो.

गाडी तिथंच व्हती, खड्ड्यावर. मुनीरनं मला खुर्ची दिली. मी बसलो न्हाई.

त्याला विचारलं, आतापर्यंत काय काय बदललं. त्यानं हिशेबानं सांगितलं. आधी पुढच्या आडव्या रॉडची रबरं, मंग बॉल जॉइंट, मंग दोन्ही शॉकअप. काढलेले पार्ट त्यानं पत्र्याच्या डब्यात ठेवले व्हते. मी एकेक काढून उजेडात धरला. रबरं कडक, चीर न्हाई. बॉल जॉइंट हातानं हलवला तर हलेना. शॉकअप दाबले तर दोन्ही सारखेच वर आले, तेलाचा थेंब गळालेला न्हाई. सगळा माल धडधाकट.

झालं, सापडला, असं मला वाटलं. मी म्हणलो, मुनीर, चांगले पार्ट काढून फेकायला तुला कुणी शिकवलं?

काम करणाऱ्या पोरांना त्यानं चहा आणायला पाठवलं. शटरपाशी जाऊन बाहेर कुणी न्हाई हे बघून आला. तोंड उतरलं व्हतं गड्याचं.

"मिस्तरी, कुणाला बोलू नका," तो म्हणला. "तो आवाज मी आजपर्यंत एकदा बी ऐकला न्हाई."

३

हे ऐकून मी खुर्चीवर बसलो.

मुनीर सांगायला लागला. गाडी दर बारीला डॉक्टरचा ड्रायव्हर संपत आणून सोडायचा. मुनीर ब्रेकरवर चालवून बघायचा, खड्ड्यात घालून बघायचा, बिलकुल आवाज न्हाई. पण डॉक्टर फोन करून म्हणायचा, वाजते. आता डॉक्टरला कसं म्हणावं, तुमचे कान खराब आहेत? नवीन गॅरेज. आवाज सापडला न्हाई म्हणलं तर गावभर बदनामी होणार. म्हणून त्यानं अंदाजानं एक पार्ट बदलला, मंग दुसरा.

माझा गुन्हेगार हातातून गेला. चोरी करणारा माणूस असं तोंड करून असली लाजिरवाणी गोष्ट सांगत न्हाई. शिवाय त्याच्या जागी मी असतो तर मी बी तेच केलं असतं, पण हे मी त्याला बोललो न्हाई. तेवढं समाधान त्याला द्यायची माझी इच्छा नव्हती.

मी खड्ड्यात उतरलो. डॉक्टरच्या गाडीखाली पहिल्यांदाच. काय स्वच्छ पोट व्हतं तिचं. माझ्या वाट्याला यायला पाहिजे व्हती ही, असंच मनात आलं.

पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा रॉड असतो, वळणावर गाडी कलू न्हाई म्हणून. तो दोन जागी रबरात धरलेला असतो, आन रबरावरून लोखंडी पट्टी येऊन बोल्टानं वर बॉडीला कसलेली असते. पट्टी घट्ट पाहिजे. तिच्यात जरा जरी फट राहिली की रॉड रबरात नाचतो आन खड्ड्याखड्ड्याला ठोका देतो. डॉक्टर सांगत व्हता तो आवाज इथलाच, ह्यात मला शंका नव्हती. पण पट्ट्या तर आत्ता गच्च बसलेल्या.

मुनीरनं बॅटरी धरली. बोल्टाच्या कडा चकाकत व्हत्या, म्हंजे पाना लागलेला, एकदा न्हाई, कैक वेळा. त्यानं रबरं बदलली त्याला तर बरेच दिवस झाले व्हते. एक गोष्ट मला पटंना. खोडी काढणारा माणूस बोल्ट ढिला करून पळतो. ह्यानं तर दर बारीला दम लावून पुन्हा कसला व्हता. गाडीचं वाईट करायला आलेला माणूस इतका मन लावून बोल्ट कसतो व्हय?

आन पट्टीच्या वर, बॉडीच्या पत्र्याला, एक लालसर डाग व्हता. मुनीर म्हणला रेड ऑक्साइड असंल, कंपनीतून लागलेला. मी बोट फिरवलं. रंग असा बोटाला येत न्हाई. हा आला, चिकट चिकट.

तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं. संपत ड्रायव्हर गाडी न्यायला आल्ता. खड्ड्याच्या काठावर वाकून तो माझ्या बोटाकडं बघत व्हता आन त्याचा चेहरा पांढरा फट पडला व्हता.

"तिथं हात नका लावू मिस्तरी," तो म्हणला. "पाया पडतो."

४

संपतला मी टपरीवर चहा पाजला. साधा संसारी माणूस, पूर्वी ट्रकवर व्हता, डॉक्टरच्या घरी निवांत नोकरी लागलेली. बोल्ट तू खोलतो का, म्हणलं तर बशीत बघत बसला. आवाजाचं विचारलं तेव्हा मात्र एक गोष्ट त्याच्या तोंडून निसटली. पहिल्यांदा आवाज फक्त डाव्या अंगाला व्हता. मंग एका रविवारी, डॉक्टर स्वतः गाडी घेऊन परतूरला गेला तेव्हा, उजव्या अंगालाबी सुरू झाला.

घरी येईपर्यंत मी तेच घोळवत व्हतो. झिजलेला पार्ट हळूहळू वाजायला लागतो, आज बारीक, उद्या मोठा. हा आवाज एका दिवसात डावीकडून उजवीकडं गेला, आन ते बी बराबर रविवारी. शनिवारपर्यंत उजवी बाजू धड. म्हंजे शनिवारी कुणीतरी उजव्या बाजूला काहीतरी केलं. आन गाडी गॅरेजला जायच्या आधी तेच कुणीतरी ते काढून घेतं, म्हणून मुनीरच्या दारात गाडी मुकी. गाडी गॅरेजला जाणार हे आधी कुणाला माहीत असतं? नेणाऱ्याला.

बोल्ट संपतच खोलत व्हता, हे झालं. पण का? आपलीच नोकरी ज्या गाडीवर, ती गाडी कोण बिघडवतं?

जेवायला बसलो. उषाबाईनं भाकर टाकली आन माझा हात धरला. म्हणली, हात धुतला न्हाई वाटतं, हे बोटाला काय?

मी म्हणलो, रंग हाय.

तिनं बोट नाकाशी नेलं. मला म्हणली, कशाचा रंग, हा तर गोडं तेल घालून खललेला शेंदूर. आज कोणत्या देवाला जाऊन आलात, आन मला सांगितलं बी न्हाई?

घास माझ्या हातातच राह्यला.

५

रविवारी संपतला सुट्टी असते. त्या रविवारी डॉक्टर आईला घेऊन आष्टीला निघणार व्हता, तिच्या माहेरी काहीतरी कार्यक्रम व्हता. मी सकाळपासून शेडच्या दारात उभा. गाडी निघाली तसा मी रस्त्यात आडवा झालो, हात जोडून.

डॉक्टरनं काच खाली केली. मी म्हणलो, साहेब, गाडी आहे अशीच मुनीरकडं घ्या, संपतला न कळवता. आवाज आज सापडला न्हाई तर उद्या सकाळी शेड माझ्या हातानं मोडतो, होळीची बी वाट बघत न्हाई.

मागच्या सीटवर चांगुणाकाकू बसल्या व्हत्या, डॉक्टरची आई. त्या म्हणल्या, उशीर व्हतोय देवानंद, गाडीला काही झालं न्हाई, चल. डॉक्टरला त्या आवाजाचा वीट आला व्हता. तो मला म्हणला, बसा. तर अशा रीतीनं मी त्या गाडीत पहिल्यांदा बसलो. सीट मऊ व्हती.

मुनीरच्या दारापुढंच एक ब्रेकर आहे. चाकं चढली, उतरली, आन पुढून आवाज आला, ठक् ठक्, दोन्ही अंगानं. मुनीर पाना हातात घेऊन जागेवरच उभा राह्यला. डॉक्टरचे कान चांगले आहेत हे त्याला त्या दिवशी कळलं.

गाडी खड्ड्यावर घेतली. डॉक्टरला मी म्हणलो, तुम्ही बी खाली या. तो पँट सावरत उतरला. मी बॅटरी मारली.

दोन्ही पट्ट्यांच्या आन बॉडीच्या मधी एकेक घोड्याची नाल सारलेली. वरातीच्या घोड्याची झिजलेली नाल, तिला शेंदूर फासलेला, काळा दोरा गुंडाळलेला. बोल्ट नालेच्या कमानीतून वर गेलेला आन पक्का कसलेला. पण नालेच्या जाडीमुळं पट्टी एका अंगानं उचललेली, खाली रबर मोकळं. मी रॉड हातानं हलवला. ठक्.

"हाच तुमचा आवाज," मी म्हणलो. "रबर चांगलं, जॉइंट चांगला, शॉकअप चांगला. मुनीरचं काम बी चांगलं."

शेवटचं वाक्य तोंडातून काढताना मला त्रास झाला, पण खरं व्हतं ते.

६

डॉक्टरला मी सगळं क्रमानं सांगितलं. बिघडवणारा बोल्ट ढिला सोडतो, ह्यानं कसला. शनिवारी बसायचं, गॅरेजच्या आधी निघायचं. शेंदूर कुणी शत्रूच्या गाडीला लावत न्हाई. ज्यानं हे केलं त्याला गाडी जपायची व्हती.

डॉक्टर ऐकतच नव्हता. तो तापला व्हता. म्हणला, संपतला आजच काढतो. त्याच्या अडाणीपणापायी मी चांगले पार्ट फेकले, मिस्तरीला गावासमोर चोर ठरवलं.

"संपतला काढू नको," वरून आवाज आला.

चांगुणाकाकू खड्ड्याच्या काठाशी येऊन उभ्या व्हत्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला आन मंग सावकाश सांगितलं. नवी गाडी आली तेव्हा पुढं लिंबू-मिरची बांधायला त्या गेल्या तर देवानंद हसला. काळी बाहुली आणली ती त्यानं फेकली. म्हणून त्यांनी संपतच्या हातून नाल खाली बसवून घेतली, जिथं पोराची नजर जाणार न्हाई तिथं. तिला परका हात लागला की तिचा गुण जातो, म्हणून गॅरेजला जायच्या आधी संपत ती काढून आणून द्यायचा, आन शनिवारी पुन्हा तेल-शेंदूर करून बसवायचा. आन गाडी वाजायला लागली तेव्हा काकूंना वाटलं, बघा, नजर लागलीच. एक नाल पुरत न्हाई. म्हणून दुसरी बसवली.

म्हंजे आवाज आला म्हणून नाल वाढवली, आन नालेनंच आवाज वाढवला. मुनीर तोंड फिरवून हसला. मला बी हसू आलं व्हतं.

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. म्हणला, "पण एवढी कुणाची नजर, आई? मंठ्यात काय माझीच एक गाडी आहे?"

काकूंनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं.

"ह्याची," त्या म्हणल्या. "रोज बघतो रे हा. कडूबा, तू भुकेल्या माणसानं ताटाकडं बघावं तसा बघतोस. मला दवाखान्यावरच्या माडीवरून दिसतं. तू लबाड न्हाईस, तू तिला हात लावणार न्हाईस, हे मला माहीत आहे. मला तुझ्या हाताचं भ्या नव्हतंच."

मी खाली खड्ड्यात, काकू वर. आठ दिवस मी चोर शोधत हिंडलो, मुनीरवर संशय घेतला, संपतवर घेतला, आन नाल निघाली माझ्या नावाची. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली न्हाई.

डॉक्टर बिचारा गडबडला. म्हणला, मिस्तरी, माझी चूक झाली, शेड आहे तिथं राहू द्या, कुणी हात लावणार न्हाई. त्याच एका गोष्टीसाठी मी धावपळ केली व्हती. ती मिळाली तेव्हा माझ्यानं मान वर करवंना.

मंग मी पाना मागितला, काम तरी करावं म्हणून. मुनीरनं त्याचा चांगला पाना दिला. नाला काढल्या, पट्टीवरचा शेंदूर पुसला, रबर जागच्या जागी बसवलं. वजन चाकांवर असतानाच बोल्ट खालून पक्के कसले. मुनीरनं ब्रेकरवरून दोनदा फिरवली. एक शब्द बोलली न्हाई गाडी.

डॉक्टर म्हणला, त्या नाला आता नाल्यात टाका. काकूंनी दोन्ही पदरात धरल्या व्हत्या. सोडायला तयार नव्हत्या. आता गाडी उघडी पडली, असंच त्यांच्या मनात असणार, आन ज्याची भीती तो समोरच उभा.

मी म्हणलो, काकू, एक इकडं द्या.

परका हात, त्या म्हणल्या.

मी म्हणलो, परका कसा? ज्याच्यासाठी आहे त्याचाच आहे.

त्यांनी दिली. पुढच्या नंबर प्लेटच्या मागं एक जाड पत्रा असतो, तिथं काही हलत न्हाई, काही वाजत न्हाई. मुनीरचं ड्रिल घेऊन मी भोक पाडलं आन माझी नाल मी बसवली. काकू वाकून बघत व्हत्या. हलवून दाखव, म्हणल्या. दाखवली, हलत नव्हती. डॉक्टर दुसरीकडं बघत उभा राह्यला, हसला मात्र न्हाई ह्या बारीला. मायलेक आष्टीला निघून गेले.

दुसरी नाल काकू टेबलावर ठेवून गेल्या व्हत्या. मी हात पुसले, जायला निघालो, आन दारातून सवयीनं एकदा वर त्या रंगीत बोर्डाकडं बघितलं. मुनीर मागून आला. त्याच्या हातात नाल व्हती.

"मिस्तरी," तो म्हणला, "ही माझ्या चौकटीला ठोकून द्या ना."

मी त्याच्याकडं बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. मंग मी हातोडा मागितला.